गरम ठेवलेला डिटेक्टर: रत्नागिरीतलं एक प्रकरण

रत्नागिरी शहराबाहेरच्या एका शेडमध्ये तीन तरुण इंजिनिअर आणि त्यांचे निवृत्त प्राध्यापक मिळून थायरॉइडच्या तपासणीसाठी लहान गॅमा कॅमेरा बनवत होते. रुग्णाला दिलेल्या किरणोत्सारी औषधातून निघणाऱ्या गॅमा किरणांचं चित्र हा कॅमेरा काढतो; किरण टिपणारा त्याचा डबा म्हणजे हेड. मार्चमध्ये त्याचं हेड छान चित्रं देत होतं. जुलैत त्याच हेडची मोजणी कधी निम्म्यावर, तर कधी त्याहूनही खाली यायला लागली आणि चित्राच्या एका कोपऱ्यात काळपट डाग दिसू लागला. तक्रार एका वाक्यात सांगितली जायची: पाऊस लागला आणि मशीन बिघडलं. प्रत्यक्षात बिघाड दोन होते आणि एकाच्या आड दुसरा लपला होता. पहिला सापडला तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं. दुसरा मात्र त्यानंतरही क्रिस्टल खात राहिला.

मी मोजमापाच्या उपकरणांचं काम करतो, म्हणून ऑगस्टमध्ये सरांनी मला बोलावलं. वर्कशॉपचं आणि माणसांची नावं इथे देत नाही, त्यांची गरजही नाही. प्रकरण लिहून काढतोय ते एवढ्यासाठी की गॅमा डिटेक्टरवरच्या पुस्तकांत तापमानावर पानंच्या पानं असतात आणि दमट हवेवर जेमतेम एक ओळ: क्रिस्टल सीलबंद ठेवा. किनाऱ्यावर काम करणाऱ्याला ती ओळ पुरत नाही.

हेडच्या पोटात

गॅमा कॅमेऱ्याची मूळ कल्पना बर्कलीच्या हॅल अँगर यांची, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. ती अजून फारशी बदललेली नाही. शिशाच्या जाळीतून सरळ येतील तेवढेच गॅमा किरण आत घ्यायचे. क्रिस्टलमध्ये त्यांचा प्रकाश होतो. तो मागच्या सेन्सरांमध्ये कसा वाटला गेला यावरून किरण कुठे पडला ते काढायचं आणि एकूण प्रकाश किती यावरून त्याची ऊर्जा. रुग्णालयातल्या मोठ्या कॅमेऱ्यात थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडची साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीची एकसंध पाटी असते आणि तिच्या मागे फोटोमल्टिप्लायर नळ्यांची, म्हणजे मंद प्रकाशाचा विजेचा सिग्नल करून तो वाढवणाऱ्या सेन्सरांची, रांगच्या रांग. वजनाला आणि किमतीला, दोन्हीला जड.

या मंडळींना हवं होतं ते गळ्यासमोर धरता येईल असं, पाच बाय पाच सेंटिमीटरचं हेड. सोडियम आयोडाइड त्यांनी पहिल्याच बैठकीत बाद केलं, कारण ते पाण्याचं फार लोभी. १०० मिलिलिटर पाण्यात १८० ग्रॅमहून जास्त विरघळतं, आणि उघड्या हवेत ठेवलं तर हवेतलंच पाणी ओढून घेतं. त्याऐवजी त्यांनी थॅलियम मिसळलेलं सिझियम आयोडाइड घेतलं: २२ बाय २२, म्हणजे ४८४ बारके ठोकळे, प्रत्येक दोन मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड, मधे पांढऱ्या परावर्तकाच्या भिंती. मागे सहा मिलिमीटरच्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरांची ८ बाय ८ची पट्टी, मधे सिलिकोनची पारदर्शक गादी. ६४ सेन्सरांचे सिग्नल रोधकांच्या जाळीतून चार तारांवर आणलेले.

निवड चुकीची नव्हती. सिझियम आयोडाइड दर मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टला सुमारे ५४ हजार प्रकाशकण देतं, सोडियम आयोडाइड ३८ हजारांच्या आसपास. शिवाय त्याचा प्रकाश हिरवट-पिवळा, ५५० नॅनोमीटरजवळचा, सिलिकॉन सेन्सरला मानवणारा. थायरॉइडच्या चित्रणात सर्रास वापरतात ते टेक्नेशियम-९९एम १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे (पुढे नुसतं केईव्ही) किरण सोडतं. असा एक किरण या क्रिस्टलमध्ये पूर्ण शोषला गेला तर साडेसात हजारांच्या घरात प्रकाशकण सुटतात आणि वाटेतली गळती जाता दोन हजारांच्या आसपास मोजले जातात. लहान हेडसाठी एवढे पुष्कळ झाले.

मालाच्या माहितीपत्रकात सिझियम आयोडाइडसमोर ‘किंचित आर्द्रताशोषक’ असं लिहिलेलं होतं. पत्रक लिहिणाऱ्याच्या खोलीतली हवा बहुधा ४० टक्के आर्द्रतेची असावी. रत्नागिरीत जुलैत ती ८८-९० टक्क्यांवर बसलेली असते, आणि आठवडेच्या आठवडे बसलेली असते.

चाचणीसाठी टेक्नेशियम वापरणं परवडत नाही. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं. वाशीहून निघालेला डोस मुंबई-गोवा महामार्गाने आठ तासांत रत्नागिरीला पोचला तरी ४० टक्केच उरलेला असतो. रुग्णालयं म्हणून टेक्नेशियम न आणता मॉलिब्डेनम-९९चा जनरेटर आणतात. त्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं, त्यामुळे आठवडाभर रोज सकाळी त्यातून ताजं टेक्नेशियम काढता येतं. वर्कशॉपला तोही झेपणारा नव्हता. त्यांनी रीतसर परवानगीने कोबाल्ट-५७चा सीलबंद स्रोत ठेवला होता: १२२ केईव्ही, अर्धायुष्य २७२ दिवस. १४०च्या इतका जवळ, आणि रोज हाताशी.

पहिला बिघाड

कोबाल्टचा फोटोपीक (पूर्ण शोषल्या गेलेल्या किरणांचा ऊर्जेच्या आलेखातला उंचवटा) १२२वर आणून त्याच्याभोवती २० टक्क्यांची खिडकी ठेवलेली होती, म्हणजे साधारण ११० ते १३४ केईव्ही. तेवढ्यातले किरण मोजायचे, बाकीचे सोडून द्यायचे. जुलैत दुपारी मोजणी कोसळायची, कधी संध्याकाळी आपोआप सुधारायची.

तर्क बरेच लढवले गेले. एकाचं म्हणणं, पावसाने गॅमाची पार्श्वभूमी बदलते. हे खरं आहे: हवेतल्या रेडॉनची अपत्यं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, सरीबरोबर जमिनीवर येतात आणि तासभर मोजणी वाढते. पण वाढते, घटत नाही. हा तर्क तिथेच निकालात निघाला. दुसऱ्याने खाऱ्या हवेवर बोट ठेवलं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर खरंच आला होता. तो साफ केला, मोजणीत फरक पडला नाही.

खरं कारण त्यांच्यातल्या सर्वात लहान मुलीने शोधलं, आणि तेही महावितरणच्या कृपेने. तिने मोजणीच्या नोंदीशेजारी लाइट कधी गेली होती ते लिहायला सुरुवात केली. २०२०चं निसर्ग आणि २०२१चं तौक्ते अनुभवल्यापासून वर्कशॉपने हेड आणि संगणक इन्व्हर्टरवर टाकले होते. एसी अर्थातच त्यावर नव्हता. लाइट गेली की मोजणी चालू राहायची, खोली मात्र २२ अंशांवरून हळूहळू ३१वर जायची.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरची नस इथेच आहे. तो ज्या व्होल्टेजला ‘फुटतो’, म्हणजे एका प्रकाशकणावरही विजेचा लोंढा सोडायला लागतो, ते तापमानाबरोबर वर सरकतं. त्यांच्या सेन्सरमध्ये दर अंशाला ५४ मिलिव्होल्टने. सेन्सरला बाहेरून दिलेलं बायस व्होल्टेज तेच ठेवलं तर फुटण्याच्या वर उरणारा फरक कमी होतो, आणि सेन्सर सिग्नल किती वाढवतो ते त्या फरकावरच ठरतं. त्यांनी हा फरक तीन व्होल्टचा ठेवला होता. नऊ अंश वाढले की जवळपास अर्धा व्होल्ट गेला, म्हणजे सोळा टक्के. १२२चा फोटोपीक १०२वर येऊन बसतो, खिडकीच्या बाहेर. त्यांच्या हेडची ऊर्जेची विभेदनक्षमता, म्हणजे फोटोपीकची रुंदी, १५ टक्क्यांच्या आसपास होती. त्या हिशेबाने अशा वेळी खिडकीत जेमतेम आठवा हिस्सा उरतो.

उपाय सरळ होता. सेन्सरच्या पाठीला तापमान मोजणारा थर्मिस्टर चिकटवला आणि तो सांगेल त्याप्रमाणे बायस वाढेल असं सर्किट जोडलं. फोटोपीक १२२वर खिळला, लाइट असो वा नसो, आणि एकूण मोजणी मार्चच्या जवळ आली. वर्कशॉपमध्ये भजी झाली.

उरलेला कोपरा

कोपऱ्यातला डाग मात्र होता तिथेच होता. थोडा फिकट झाल्यासारखा वाटायचा, कारण आता बाकीचं चित्र स्थिर होतं आणि एकसारखेपणाची सुधारणा करणारं सॉफ्टवेअर त्या कोपऱ्याला गुणून वर आणत होतं. या सॉफ्टवेअर-सुधारणेवर माझा राग जुना आहे. ती चित्र देखणं करते आणि रोग झाकते. मोजणी कमी आलेल्या जागेला आकड्याने गुणलं की उजळपणा येतो, पण तिथली माहिती वाढत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. थायरॉइडमधली थंड गाठ, म्हणजे औषध न शोषणारी गाठ, शोधायच्या यंत्रात हे चालवून घेण्यासारखं नाही. रोगाची खूण आणि डिटेक्टरचा आजार दोन्ही दिसायला एकसारखेच, कमी मोजणीचा ठिपका.

म्हणून पहिलं काम, सुधारणा बंद. दुसरं, ४८४ ठोकळ्यांपैकी प्रत्येकाचा फोटोपीक कुठे येतो त्याचा नकाशा. एप्रिलचा तसा नकाशा मुलीने जपून ठेवला होता, ही मोठीच पुण्याई. आजच्या आकड्याला एप्रिलच्या आकड्याने भागलं, मग सगळ्यांना त्यांच्या मधल्या मूल्याने भागलं. तापमान सगळ्या ठोकळ्यांना सारखंच खाली ओढतं, म्हणून या भागाकारात त्याचा परिणाम गळून पडतो. जे उरतं ते फक्त त्या त्या जागेचं. बहुतेक नकाशा एकच्या आगेमागे आला. एका कोपऱ्यातले पंचवीसेक ठोकळे मात्र ०.८च्या आसपास, कडेचे आणखी खाली.

तिसरी चाचणी मोठ्या कॅमेऱ्यांच्या देखभालीत जुनीच आहे. स्रोत दूर ठेवून पूर्ण क्षेत्रावर सारखे किरण पाडायचे आणि ऊर्जेची खिडकी मुद्दाम फोटोपीकच्या बाजूला सरकवायची, एकदा खाली, एकदा वर. ज्या जागी पाण्याने क्रिस्टल मंद झाला आहे तिथले सिग्नल आहेत त्याहून कमी ऊर्जेचे भासतात. त्यामुळे खालच्या खिडकीत ती जागा उजळते आणि वरच्या खिडकीत काळी पडते. सोडियम आयोडाइडच्या जुन्या कॅमेऱ्यांत असे ठिपके गोवरासारखे पसरलेले दिसतात. इथे खालच्या खिडकीत तो कोपरा दिवा लावल्यासारखा चमकला.

तरीही दोष क्रिस्टलचा, मधल्या सिलिकोनच्या गादीचा की सेन्सरचा, हे ठरत नव्हतं. ते ठरवायची साधी युक्ती म्हणजे हेड उघडायचं, गादी नवी टाकायची आणि ४८४ ठोकळ्यांचा अख्खा संच उचलून १८० अंशांत फिरवून परत बसवायचा. डाग संचाबरोबर फिरला तर दोष क्रिस्टलमध्ये; जागीच राहिला तर सेन्सरमध्ये; नाहीसा झाला तर गादीत.

पण ऑगस्टमध्ये, रत्नागिरीत, हेड उघडायचं कुठे? जो क्रिस्टल पाण्याने मरतोय असा संशय आहे त्याला त्याच हवेत उघडा करायचा? दिवाळीपर्यंत थांबू, असं सर म्हणाले. घाटावर नेऊ, असं एकाने सुचवलं. कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटातून जातो आणि ऑगस्टमधला आंबा घाट म्हणजे ढगातूनच प्रवास. ओलं टाळण्यासाठी त्या वाटेने जाणं मला पटेना.

चाचा

वर्कशॉपच्या एसीची देखभाल करणारे एक बुजुर्ग मेकॅनिक होते. मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यांत आणि मासळीच्या शीतगृहांत त्यांची हयात गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एसीची गॅसलाइन गळते का ते तपासायला हे लोक नायट्रोजनचा सिलिंडर बाळगतात, कोरड्या वायूचा. तो दोन दिवसांसाठी मागायला मुलं गेली आणि चाचा सिलिंडरसोबत स्वतःच आले. नायट्रोजनने फुगवायची पेटी फलक बनवणाऱ्याकडून करून घेतली होती: पारदर्शक अॅक्रिलिकची, पुढे दोन भोकं, भोकांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चिकटवलेले.

पेटी भरेपर्यंत वेळ होता. सकाळची वेळ, रात्रभर लाइट नव्हती, नुकतीच आली होती, एसी धडाडून चालू. हेड टेबलावर बसवलेलं आणि एसीचा झोत थेट त्याच्या तोंडावर. चाचांनी हेडच्या पुढच्या अॅल्युमिनियमवर हात ठेवला, मग मागे हात घालून पाठीवरून बोट फिरवलं. बोटामागे ओली रेघ उमटली.

“मशीनला घाम आलाय, सर.”

“पण चाचा, एसी चालू आहे ना? हवा कोरडी होतेय.”

“खोली कोरडी व्हायला तासभर लागतो. हा डबा पाच मिनिटांत थंड होतो. आमच्याकडे शीतगृहाच्या दारात हेच होतं. थंडीने नाही बिघडत माल, दार उघडल्यावर बिघडतो.” मग मुलीकडे वळून म्हणाले, “झोत लागतो ती बाजू बघ बेटा, कोरडी. मागची ओली. झोतातली हवा कोरडी असते, मागे उभी आहे ती रात्रीची.”

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण सगळं प्रकरण त्यात आहे. रात्री लाइट गेल्यावर खोलीची हवा बाहेरच्यासारखी होते: २८ अंश, ८८ टक्के. या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या जरासा खाली येतो. म्हणजे २५ अंशांची कुठलीही वस्तू तिच्यात ठेवली तर ओली होणार. एसीच्या तोंडातून निघणारी हवा १२-१४ अंशांची, तिने हेडचं धातूचं कवच बघता बघता विशीत येतं. रात्रीच्या त्या हवेच्या एका लिटरमध्ये २४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. २० अंशांना एका लिटरमध्ये १७ मिलिग्रॅमच मावते. हेडच्या पोटात साधारण लिटरभर मोकळी हवा होती. सात मिलिग्रॅम पाणी कुठेतरी बसणार, आणि आत सर्वात थंड जागा जी असेल तिथे बसणार.

आतली सर्वात थंड जागा कोणती? झोत लागणारी. बाहेरून कोरडी दिसणारी तीच बाजू आतून ओली होत होती. डागाचा कोपरा त्याच बाजूला होता. मुलांना या उलट्या प्रकाराचा उलगडा पटकन झाला नाही, आणि त्यात नवल नाही. बाहेर सुकं आहे ना, मग आत ओलं कसं, हा प्रश्न कुणीही विचारेल.

हेड तर सीलबंद होतं, मग आत रोज नवी वाफ येत कशी होती? हेड श्वास घेत होतं. झाकणाला ओ-रिंग होती, पण चार तारांची केबल बाहेर पडते तिथल्या ग्लँडमध्ये (केबलभोवती आवळायच्या बुचात) केबलच्या वेटोळ्या विणीतून हवेला वाट होती. २८वरून २० अंशांवर आल्यावर आतली हवा पावणेतीन टक्क्यांनी आक्रसते, म्हणजे २७ मिलिलिटर बाहेरची हवा आत खेचली जाते, तिच्यासोबत अर्धा-पाऊण मिलिग्रॅम पाणी. परत तापल्यावर हवा बाहेर जाते, पण क्रिस्टलच्या पृष्ठभागात आणि डिंकात मुरलेलं पाणी सगळं काही जात नाही. दिवसातून दोनदा लाइट गेली की दोनदा हा फेरा. मार्चमध्ये खोली सलग थंड असायची आणि हवाही कोरडी, म्हणून सगळं सुरळीत.

नायट्रोजनच्या पेटीत हेड उघडलं. संच फिरवला, गादी नवी टाकली, बंद केलं. डाग संचाबरोबर फिरून समोरच्या कोपऱ्यात गेला. भिंगाखाली त्या कोपऱ्यातल्या ठोकळ्यांची वरची तोंडं दुधाळ दिसत होती, पाण्याचा थेंब सुकलेल्या काचेसारखी नव्हे, तर घासून खरबरीत केल्यासारखी. पृष्ठभाग थोडा विरघळला होता आणि पुन्हा वेडावाकडा जमला होता. प्रकाश तिथे विखरतो आणि मागच्या सेन्सरपर्यंत पोचायचा वाटा घटतो. थर्मिस्टरने हे कधीच भरून निघणार नव्हतं. उलट त्याने फोटोपीक सरासरीवर टिकवून धरला आणि हा भाग नजरेआड केला.

गार करायचं की गरम

पुढे काय, यावर वाद चांगला रंगला. तिघांपैकी दोघांचा कल पेल्टियरकडे, म्हणजे विजेने थंड करणाऱ्या चकतीकडे होता. सेन्सर थंड केला की त्याचा अंधारातला गोंगाट, म्हणजे प्रकाश नसतानाही उठणारे स्पंद, कमी होतो, शिवाय तापमान स्थिर, पुस्तकात सगळीकडे हेच लिहिलेलं. मी ठाम विरोध केला. रत्नागिरीत पेल्टियर लावणं म्हणजे हेडच्या पोटात दवबिंदूच्या खालची जागा स्वतःहून तयार करणं. सील परिपूर्ण असेल तर चालेल. पण सील परिपूर्ण आहे हे मला सहा महिन्यांनी डाग पडल्यावरच कळणार.

मी उलटं सुचवलं. हेडच्या कवचाला पातळ हीटर चिकटवा आणि ते वर्षभर ३६ अंशांवर ठेवा. मे महिन्यातल्या बंद खोलीपेक्षाही वर, म्हणजे थर्मोस्टॅटला कायम वाव राहील. इथल्या हवेचा दवबिंदू त्याच्या आसपासही फिरकत नाही, त्यामुळे आत थेंब बसायला जागाच नाही. आणि तापमान कायम एकच राहिल्यामुळे पहिला बिघाडही आपसूक मिटतो. थर्मिस्टरचं सर्किट मग जोडीला राहील.

गोंगाटाचं काय? हा प्रश्न रास्त होता, म्हणून आकडे मांडले. सिलिकॉन सेन्सरचे अंधारातले स्पंद साधारण दर आठ-दहा अंशांना दुप्पट होतात. २२वरून ३६ म्हणजे तिप्पट धरू. सिझियम आयोडाइडचा प्रकाश हळू ओसरतो, मायक्रोसेकंदाच्या मापात, म्हणून प्रत्येक घटनेसाठी दोनेक मायक्रोसेकंद थांबावं लागतं आणि तेवढ्यात अंधारातले स्पंद २२ अंशांना त्यांच्याकडे तीनशेच्या घरात जमा व्हायचे, ३६ला नऊशे. सिग्नल दोन हजारांचा. संख्येतला नैसर्गिक चढउतार आधी २३००च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ४८. आता २९००च्या, म्हणजे ५४. ऐकायला बरीच वाढ. पण त्यांच्या १५ टक्क्यांच्या विभेदनक्षमतेत या चढउताराचा वाटा मुळात लहान, बाकीचा सगळा प्रकाशाच्या असमान वाटणीचा आणि रोधकांच्या जाळीचा. एकूण १५चे सव्वापंधरा होतात. त्या पाव टक्क्यासाठी क्रिस्टल पाण्यात घालायचा का?

सर हसले आणि हीटर मागवला.

बाकीच्या गोष्टी स्वस्तातल्या होत्या. एसीच्या पट्ट्या वर वळवून झोत छताकडे केला. यातून निम्मा प्रश्न सुटला असता असं चाचांचं मत, आणि मला ते मान्य आहे. केबल ग्लँड काढून तिथे कवचात ओतून पक्का केलेला काचबंद कनेक्टर बसवला. आत १० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं, आणि ते बाहेरून दिसावं म्हणून झाकणात नखाएवढी खिडकी. एका श्वासाला अर्धा-पाऊण मिलिग्रॅम पाणी येतं, हे धरलं तर अर्धा ग्रॅम शोषून घ्यायलाच सातशे-हजार श्वास लागतील. आता श्वासच बंद करायचा प्रयत्न आहे, त्यामुळे जेल हा पहारेकरी. त्याचा रंग बदलला तर सील फुटलं असं समजायचं, जेल बदलून मोकळं व्हायचं नाही.

लाइट गेल्यावर हीटरचं काय, यावर मुलांनी लगेच १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी जोडली. सहा वॉटच्या हीटरला ती रात्रभर पुरते. तशी लाइट नसताना भीती नसतेच: हेड खोलीच्या तापमानावर येईल, त्याखाली जाणार नाही, मग पाणी कसं बसेल? धोका लाइट आल्यावर आहे, एसी आणि हीटर एकदम सुरू होतात तेव्हा. त्या शर्यतीत एसी जिंकतो. बॅटरीचा उपयोग एवढाच की हेड त्या क्षणी आधीच गरम असतं. चाचांनी यावर एसीला अर्ध्या तासाचा उशिराचा टायमर सुचवला होता, तो बॅटरीहून स्वस्त पडला असता. मुलांना बॅटरी आवडली.

सप्टेंबरच्या सरींमध्ये नव्या रचनेत तोच जुना, डागाळलेला संच मुद्दाम ठेवला. भागाकाराचा नकाशा दर आठवड्याला काढला. जुना कोपरा होता तसाच, सुधारायचा प्रश्नच नव्हता. पण त्याची कड पुढे सरकली नाही आणि दुसरे कोपरे एकच्या आगेमागे राहिले. रुग्णासमोर हे हेड जायला अजून बऱ्याच परवानग्या आणि चाचण्या बाकी आहेत, तो वेगळा विषय.

पुढच्या हेडसाठी क्रिस्टल कोणता घ्यायचा, यावर मात्र एकमत नाही. सरांना गॅडोलिनियम-अॅल्युमिनियम-गॅलियम गार्नेट हवं आहे. ते पाण्याला दाद देत नाही, सिझियम आयोडाइडहून बरंच जड आणि खूप वेगवान, आणि त्याचे क्रिस्टल भाभा अणुसंशोधन केंद्रातही वाढवले गेले आहेत. पेट स्कॅनच्या यंत्रांत चालणारं ल्युटेशियमचं क्रिस्टल कुणी सुचवलं नाही हे बरं; त्यात स्वतःचाच किरणोत्सार असतो आणि १४० केईव्हीच्या कामात तो पायात येतो. गार्नेट चांगलं आहे, पण महाग आहे, आणि मला भीती वेगळीच वाटते: क्रिस्टलला पाण्याची भीती नाही म्हटल्यावर हीटर आणि सील दोन्ही खर्चाच्या यादीतून पहिल्यांदा गळतील. गादीची कड दुधाळ होणं, पिनांवरची हिरवट बुरशी, सेन्सरच्या पाठीवरची विजेची गळती, यातलं काहीही गार्नेटने थांबणार नाही. माझं मत सिझियम आयोडाइडच घ्यावं, आणि वाचलेल्या पैशांत दुसरं हेड बनवून एक मिऱ्या बंदराच्या बाजूला एखाद्या साध्या, एसी नसलेल्या खोलीत पूर्ण पावसाळा चालू ठेवावं. सरांनी अजून ऑर्डर दिलेली नाही.